तार मागायला येणारी पोरं

संपादक साहेब, नमस्कार,

माझं सिडकोत इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, हल्ली कॉलेजची पोरं येऊन नायक्रोमची बारीक तार मागतात, आधी वाटलं प्रोजेक्टला लागत असेल, मग कळलं व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, कॉइल (आतलं निकोटिनचं लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी) घरीच गुंडाळायचीय, तयार कॉइलला म्हणे फ्लेवरच येत नाही. तसं त्यांचं गणित चुकीचं नाही. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर वेढे एकसारखे बसले आणि मधून कापूस नीट गेला, फार कोंबून नाही नि ढिलाही नाही, की लिक्विड वेळेवर चढतं आणि चव खुलते, कापूस कोरडा राहिला की तोच जळतो अन् घसा धरतो.

पण बॅटरीचं काय? फुल चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, कॉइल ०.२ ओहमची केली तर २१ अँपिअर खेचते राव! आणि सेल कुठला, तर जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला, तो एवढ्या करंटसाठी नसतोच, तापतो, कधी फुटतो पण. लिक्विडला आंब्याचा वास आला म्हणून निकोटिन कमी होत नाही ते वेगळंच.

बरं, २०१९ पासून देशात ई-सिगारेटवर बंदी आहे, बनवताना-विकताना पहिल्यांदा सापडलं तरी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बनवण्यात सुटे भागही धरलेत. हे पोरांना ठाऊकच नसतं.

मी तार देणं बंद केलंय, पण ती ऑनलाइन मिळतेच. तुम्ही यावर एक बातमी लावा, आणि त्या सेलबद्दल जरा ठळक लिहा.

एक दुकानदार, सिडको, नाशिक