गिरणगावच्या इतिहासात खानावळवाल्या कुठे आहेत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१८ जानेवारी जवळ आली की १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणी छापून येतात. डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, बंद पडलेले भोंगे. ते छापून यायलाच हवं. पण लालबाग-परळची चळवळ म्हटलं की गेटवरची सभा आणि मोर्चा एवढंच डोळ्यांपुढे येतं. या माणसांना दोन वेळचं जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या त्यात क्वचितच दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी आजी त्यांतलीच एक. मूळची चिपळूणकडची. दहा बाय बाराच्या खोलीत ती अठरा मेंबरांचं रांधायची. पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत भरायचे, म्हणून पहाटे तीनला भाकऱ्या थापायला बसायची. लिहिता येत नव्हतं. दाराच्या मागे खडूने रेघा ओढायची, कुणी जेवायला आला नाही तर खाडा म्हणून त्या रेघेवर आडवी काट. पैसे पगाराला मिळायचे. तोवर वाण्याची उधारी, आणि वाण्याने हात आखडला की सावकार. १९७४ मध्ये ४२ दिवसांचा संप झाला तेव्हा पगारच नव्हता. तरी तिने एकाही मेंबरला ताटावरून उठवलं नाही. गळ्यातलं डोरलं तेव्हा गहाण पडलं ते कायमचं, असं आई सांगते. असे संप या उधारीवर तगले.

ही गोष्ट नेमकी ओळखली ती प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेली, कामगार चळवळीत वावरलेली ही बाई. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्येच झालं होतं, पण तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेत उभं कोण करणार? प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांचे गट बांधले. एकीसाठी दुसरी जामीन राहिली आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हातात पडलं. बचत गट हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं महापालिकेने ठरवलं आहे. तिथे माग आणि साचे असतीलच. माझी कळकळीची विनंती आहे की, त्यात खानावळीची एक खोलीही मांडावी, शेगडीसकट, रेघांच्या दारासकट. आणि या बायकांच्या आठवणी आताच ध्वनिमुद्रित कराव्यात. ज्या हयात आहेत त्या खूप थकल्यात. चाळी पाडल्या जाताहेत, कुणी लेकाकडे विरारला गेली, कुणी गावी.

आजीची पितळी परात आमच्या माळ्यावर आहे. काठाला एका बाजूने पोचा आलाय. संग्रहालयाला हवी असेल तर मी स्वतः आणून देईन.

आपली नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई