शेलक्या विशेषणांना मथळ्यात जागा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणूक लागली की प्रचारसभांच्या बातम्यांचे मथळे शेलक्या विशेषणांनी भरून जातात. 'गद्दार', 'खोके', 'नकली', 'भटकती आत्मा', 'औरंगजेब फॅन क्लब'. बोलणारा सभा आटोपून पुढच्या गावी जातो, शब्द मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मथळ्यातून घरोघरी पोहोचतो. 'निवडणूक आयोग झोपला आहे का', असा सवाल मग वाचक करतात. आयोगाच्या हातात नेमके किती आहे आणि वृत्तपत्रांच्या हातात किती, हे सांगण्यासाठी हे पत्र.

'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा जरा जवळून पाहू. ऑगस्ट 2022च्या पावसाळी अधिवेशनात, शिवसेनेतून फुटून शिंदे गटात गेलेल्या आमदारांना उद्देशून, ती विधान भवनाच्या पायऱ्यांवर घुमली. लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' ही मुंबईच्या गुन्हेगारी जगाची बोली. चार शब्द, घट्ट यमक, क्रियापद नाही. कोणी दिले, कोणाला दिले, कधी आणि कशासाठी, यातले काहीच नाही. आरोप पन्नास कोटींच्या लाचेचा, पण तो सिद्ध करायची जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही. खोडायला जावे तर आधी तीच घोषणा उच्चारावी लागते.

आणि या गदारोळात पक्षफुटीचा मूळ प्रश्न बाजूला पडला. 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीने दहाव्या अनुसूचीतले, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातले, एक तृतीयांश फुटीचे संरक्षण काढून टाकले. उरली ती दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने विलीनीकरणाची वाट. 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाचा, नाही. 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. हे कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न मतदाराने प्रत्येक उमेदवाराला विचारण्याजोगा होता. 'गद्दार' म्हणणाऱ्याला तो समजावून सांगावा लागला नाही. 'नकली शिवसेना' म्हणणाऱ्यालाही, 17 फेब्रुवारी 2023 रोजी शिंदे गटाला धनुष्यबाण हे चिन्ह देताना आयोगाने आमदार-खासदारांचे बहुमत का मोजले, हे सांगावे लागले नाही. शिवी दोन्हीकडे सोयीची ठरली.

आता कायदा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951चे कलम 123(4) उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटे विधान करणे हा भ्रष्ट आचार मानते. मात्र ते 'वस्तुस्थितीचे विधान' असावे लागते, करणाऱ्याचा स्वतःचाच त्याच्या खरेपणावर विश्वास नसावा लागतो आणि त्याने उमेदवाराच्या निवडणुकीला बाधा येईल असे असावे लागते. निव्वळ विशेषण हे मत ठरते, वस्तुस्थिती नव्हे. म्हणून अशा याचिका इथेच अडतात. याचिका उच्च न्यायालयात करायची, तीही उमेदवार निवडून आल्यापासून 45 दिवसांच्या आत. आदर्श आचारसंहिता टीका धोरण, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम एवढ्यापुरती ठेवायला सांगते, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलू नका म्हणते. पण ती मुळात कायदा नाही. राजस्थानच्या प्रचारात 'पनौती' आणि 'जेबकतरा' हे शब्द वापरल्याबद्दल आयोगाने नोटीस काढली 23 नोव्हेंबर 2023 रोजी, मतदान 25ला झाले आणि जपून बोलण्याचा सल्ला दिला गेला मार्च 2024 मध्ये.

जाहिरातींचे प्रमाणीकरण करणाऱ्या माध्यम समित्या असतात, त्यांचीही मर्यादा लक्षात घ्यावी. टीव्ही, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या सशुल्क जाहिराती आधी तपासून घ्याव्या लागतात; नोंदणीकृत पक्षाने आणि उमेदवाराने किमान तीन दिवस, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीतल्या मजकुराची साक्षांकित प्रत. छापील जाहिरातीला ही अट फक्त मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी. व्यासपीठावरचे भाषण, कार्यकर्त्याने स्वतःच्या खात्यावर टाकलेले रील, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड यांतले काहीही समितीपुढे येत नाही. जे येते त्याचेही काय होते? 2017 साली गुजरातमध्ये समितीने एका जाहिरातीतल्या 'पप्पू' या शब्दाला हरकत घेतली. शब्द बदलून 'युवराज' झाला. रोख कोणाकडे आहे, हे प्रेक्षकाला आधीही कळत होते आणि नंतरही कळले.

एका बाबतीत तर वृत्तपत्रेही सवयीने चुकतात. डिसेंबर 2023 मध्ये आयोगाने पक्षांना सांगितले की मुका, बहिरा, आंधळा, लंगडा, वेडा हे शब्द प्रचारात हिणवण्यासाठी वापरू नका. तरी 'आंधळे-बहिरे सरकार' किंवा 'लंगडे सरकार' हे शब्द अग्रलेखातही सहज येतात. सरकारला ते लागत नाहीत. पांढरी काठी घेऊन मतदान केंद्राची पायरी चढणाऱ्या माणसाला लागतात. 'बांगड्या भरा' या आव्हानाचेही तेच, त्यात घाव सभेला बसलेल्या बायकांवर पडतो.

तक्रार करायचीच तर नीट करावी. लोकसभा-विधानसभेसाठी निवडणूक आयोगाचे तक्रारीचे सी-व्हिजिल अ‍ॅप आहे. त्यात फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत अ‍ॅपमधूनच जागेवर घ्यावी लागते, गॅलरीतली चालत नाही. फॉरवर्ड झालेली क्लिप घेऊन बसलेले लोक इथेच अडकतात. तक्रार निकाली काढायला 100 मिनिटांची मुदत आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे असते, तिची तक्रार तिथल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. लोकसभा-विधानसभेच्या काळात निनावी पत्रक हाती पडले तर आधी तळाची ओळ पाहावी. मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर त्याच 1951च्या अधिनियमाचे कलम 127अ लागू होते: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मजकूर अपमानास्पद आहे की नाही, या वादात शिरावेच लागत नाही. म्हणून ही तक्रार सर्वांत लवकर टिकते.

आणि आपल्याकडून अपेक्षा एवढीच. विशेषण बातमीत आले तर बोलणाऱ्याच्या नावासह आणि अवतरणात यावे. मथळ्यात येऊ नये, अवतरणातसुद्धा. घाईत वाचणाऱ्याला अवतरणचिन्ह दिसत नाही, शब्द दिसतो. सभेत पाणी, पीकविमा, भरती यांवर जे बोलले गेले ते मथळ्यात घ्यावे. काहीच बोलले गेले नसेल, तर 'पाणीप्रश्नावर मौन' हाही मथळा होतो, आणि तो खरा असतो.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा