इंजेक्शनच्या आधीचं काम

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा माझ्या नव्या कामाचं ऐकून फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे आता दवाखाना सुटला का तुझा?" मी उत्तर देणार तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि खोकल्याची चौकशी सुरू झाली. विषय तिथंच राहिला. तसंही फोनवर मला हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

जनावरांचा दवाखाना सुटलेला नाही. आठवड्यातले काही दिवस मी पूर्वीसारखीच सलाईन लावणार, भूल दिलेल्या जनावराच्या उशाशी बसून श्वास, नाडी आणि हिरड्यांचा रंग बघणार, वॉर्ड धुणार. बाकीचे दिवस दोन कामांना: पशुवैद्यकीय नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवायचं, आणि प्राण्यांच्या वागण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या घरांना मदत करायची. यातलं पहिलं बाबांना पटतं. दुसऱ्याला ते "कुत्र्यांचं समुपदेशन" म्हणाले आणि हसले. हसा खुशाल, पण पुढचं वाचा.

घाबरलेलं मांजर तपासणीच्या टेबलावर आलं की त्याच्या रक्तातली साखर चढते. कधीकधी इतकी, की मधुमेहाची शंका यावी. मग फ्रुक्टोसामीन नावाची वेगळी तपासणी करावी लागते, ती मागच्या दोनेक आठवड्यांतली साखर साधारण कशी होती ते सांगते. रक्तदाबाचं तेच. म्हणून मांजराला आधी शांत खोलीत ५ ते १० मिनिटं बसू द्यायचं आणि पहिलं रीडिंग सोडून द्यायचं अशी पद्धत आहे. भीती अशी थेट रिपोर्टात उतरते. आणि कुत्रा घाबरून चवताळला, तिघांनी मिळून तो दाबून धरला आणि कसंबसं इंजेक्शन दिलं, की मालकाला वाटतं आपलं कुत्रं सगळ्यांसमोर चावरं ठरलं. पुढच्या लसीला तो येतच नाही. येतो तो थेट आजार हाताबाहेर गेल्यावर. अशी जनावरं मी भूल देताना, टाके घालताना इतकी पाहिली की माझं लक्ष हळूहळू इंजेक्शनवरून त्याच्या आधीच्या दहा मिनिटांकडे गेलं. नवं काम म्हणजे ती दहा मिनिटं. नर्सिंगच आहे, फक्त थोडं आधी सुरू होतं.

शिकवण्याबद्दल आईला जास्त सांगायचंय. पहिल्या तासाला मी आवाज बंद करून एक व्हिडिओ दाखवते. लहान मूल लॅब्रॅडॉरच्या गळ्यात हात टाकून बसलंय. वर्गातली मुलं म्हणतात, "किती गोड!" मग तोच व्हिडिओ हळू गतीनं लावते. कुत्र्याचं उघडं तोंड मिटतं. जीभ पटकन बाहेर येऊन नाकाला लागते. मान दुसरीकडे वळते, पण डोळा मुलावरच, आणि त्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. मग जांभई. झोप आली म्हणून दिलेली नव्हे. हे सगळं झाल्यावर तो गुरगुरतो. मालक नंतर सांगतात, "काही कारण नसताना एकदम अंगावर आला हो." एकदम काही नसतं. तो बराच वेळ सांगत असतो, ऐकणारं कुणी नसतं.

आणि आई, तू म्हणायचीस ना, वर्गात गप्प बसलेल्या मुलाला समजलंय असं धरून चालू नये. ते मी रोज वापरते. टेबलावर दगडासारखं बसलेलं मांजर शहाणं वाटतं, नव्या मुली खूष होतात. मी त्यांना डोळ्यांच्या बाहुल्या बघायला लावते: मोठ्या झालेल्या, कान आडवे, पंजे पोटाखाली, श्वास भरभर. भीतीनं थिजलेलं असतं ते. असं मांजर मानगुटीला धरून उचलायचं नाही. ज्यातून ते आणलं त्या टोपलीचं वरचं झाकण काढायचं, त्याला खालच्या अर्ध्यातच बसू द्यायचं, अंगावर टॉवेल टाकायचा आणि तपासायचा तेवढाच भाग उघडा करायचा. शीर शोधण्याचा सराव आधी नकली पायावर. हात बसला की खऱ्या जनावरावर, तेही आधी तोंडाकडे बघून. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. घट्ट धर, एवढंच.

पिल्लांचा वर्ग हा माझ्या सगळ्यात आवडीचा. कुत्र्याच्या पिल्लाचं साधारण ३ ते १४ आठवड्यांचं वय असतं तेव्हा जग त्याला नवं असतं, पण भीतिदायक नसतं. छत्री, दाढीवाला माणूस, व्हॅक्यूम क्लीनर, लहान मुलं, निसरडी फरशी: जे या काळात सहज आणि चांगल्या अनुभवानं भेटतं, ते पुढे चालतं. नंतर दार हळूहळू लागत जातं. मांजरांत हा काळ आणखी लवकर, २ ते ७ आठवड्यांत, म्हणजे पिल्लू नव्या घरी यायच्या आधीच संपत आलेला असतो. पंचाईत अशी, की कुत्र्याच्या पिल्लांच्या लसी पुऱ्या व्हायला १६ आठवडे तरी लागतात, आणि "लसी होईपर्यंत बाहेर काढू नका" हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ साली स्पष्ट भूमिका घेतली: पहिली लस आणि पहिलं जंताचं औषध होऊन आठवडा झाला, की स्वच्छ जागेतल्या वर्गात पिल्लू ७-८ आठवड्यांचं असतानाच आणायला हरकत नाही. कारणही त्यांनी लिहिलं. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांच्या मृत्यूंमागे संसर्गापेक्षा वागण्याच्या तक्रारी जास्त असतात. म्हणजे सोडून देणं, आश्रयगृहात टाकणं, शेवटी इंजेक्शन देऊन मारणं. माझ्या वर्गात पिल्लं एकमेकांच्या अंगावर नाचत नाहीत, तो समज आधी काढावा लागतो. ती वजनकाट्यावर चढतात, स्टेथोस्कोप हुंगतात, पंजा हातात देऊन खाऊ घेतात आणि घरी जातात. पुढे कधी आजारी पडून आली की ती त्याच काट्यावर शेपूट हलवत चढतात. हे पाहिलं की माझा दिवस वसूल.

आता बाबांचा "जनावराला धाक हवाच". ही समजूत आली कुठून तेही ऐका. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं. एका आवारात कोंडलेल्या लांडग्यांत वरचढपणाची भांडणं दिसली, आणि त्यावरून लोकांनी ठरवलं की कळपाला दादा असतो, म्हणून घरातल्या कुत्र्याचाही दादा आपणच व्हायचं. "अल्फा" हा शब्द ज्यांच्या लिखाणातून सगळीकडे पोचला, त्या अमेरिकन लांडगेतज्ज्ञांनी पुढे रानातल्या कळपांबरोबर कित्येक उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. दादागिरी नव्हे, संसार! आणि कुत्रा काही लांडगा नाही, ते वेगळंच. पण पाठीवर पाडून दाबायचं, पट्ट्याला झटका द्यायचा, हे अजून चालतं. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो. चावणं सोडत नाही. मग तो सूचना न देता चावतो, आणि मला विचाराल तर असल्या कुत्र्याइतकी भीती मला कशाचीच वाटत नाही.

माझी हद्द कुठं संपते तेही सांगते, म्हणजे आईची काळजी कमी होईल. निदान मी करत नाही, औषध लिहून देत नाही. वागणं बदललं अशी तक्रार आली की पहिली पायरी डॉक्टर. पलंगावर मुतणारा बोका "सूड घेतो" म्हणून देऊन टाकायला निघालेल्या बाई आल्या होत्या. त्याच्या मूत्राशयाला सूज होती, आणि ती सूज बऱ्याचदा घरातल्या ताणानं उलटते. औषध डॉक्टरांनी दिलं. वाळूचे ट्रे किती, कुठे, दुसऱ्या मांजरानं वाट अडवू नये म्हणून काय करायचं, हे माझं काम. (बोक्याला जोर करूनही लघवी होत नसेल तर मात्र थांबायचं नाही. ती तातडीची बाब, रात्र असली तरी.) नातवानं पाठीवर हात ठेवताच दात दाखवणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे खुबे झिजलेले निघाले. सगळं असं सुटत नाही. काही कुत्री सुधारत नाहीत, आणि घरात तान्हं बाळ असेल तर मालकांसमोर बसून खरं बोलावं लागतं. त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशी बोलत नाही.

यात भोंदूपणाही भरपूर. बहुतेक देशांत स्वतःला प्राणीवर्तनतज्ज्ञ म्हणवून घ्यायला कायदा आड येत नाही, कार्ड छापलं की झालं. म्हणूनच मी नोकरी करता करता पुन्हा परीक्षा दिल्या. पगाराचं आईनं विचारलं नाही, पण विचारायचं होतं हे कळलं. फार बदललेला नाही. रात्रपाळ्या मात्र कमी होतील, आणि चाळीस किलोची कुत्री उचलून टेबलावर ठेवणंही. माझी कंबर खूष आहे.

आता मनीचं. आई म्हणाली ती हल्ली कपाटावर चढत नाही, "वय झालं तिचं." बारा वर्षांपुढच्या मांजरांचे एक्स-रे काढले तर बहुतेकींच्या सांध्यांत झीज दिसते, आणि मांजर लंगडत नाही, नुसतं उड्या मारणं सोडतं. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना दाखवा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही नको, मांजराला ती जीवघेणी. तिला न्यायची टोपली आजच माळ्यावरून खाली काढा. टोपलीचं दार काढून टाका, आत तिचीच जुनी चादर घाला आणि खाणं तिथंच द्या. आठवडाभर कोंडायचं नाही, ढकलायचं नाही. ती स्वतःहून आत जाऊन झोपायला लागली की मला कळवा. दवाखान्यात नेताना वरून टॉवेल टाका. आणि ती पलंगावर चढताना-उतरताना, जिन्यावरून येताना व्हिडिओ काढून मला पाठवा. दवाखान्यात ती चालून दाखवणार नाही. व्हिडिओ आईनं काढावा. बाबा, तुमच्या व्हिडिओत अर्धा वेळ अंगठाच असतो.

तुमची,
मीनू