‘काळे मोजे’ समजावून देणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

घरी येऊन आभार मानले असते तर ‘राहू दे गं’ म्हणत तुम्ही चहा टाकायला उठला असता, म्हणून चारचौघांत लिहिते.

पॅरिसच्या जुन्या बाजारात ‘ले शोसेत न्वार’, म्हणजे ‘काळे मोजे’ या फ्रेंच रॉक अँड रोल बँडची तबकडी माझ्या लेखासाठी मिळाली, पण ती मला लावताच येईना. मधलं भोक एवढं मोठं, की प्लेअरच्या खुंटीवर ती डगडगत होती. तुम्ही ड्रॉवरमधून प्लास्टिकची चकती काढलीत, भोकात टचकन बसवलीत. आधी खरखर, मग तो पोरसवदा आवाज तुमच्या स्वयंपाकघरात घुमला. अंगावर काटा आला होता माझ्या!

नावात बंडखोरी असणार, असं मी धरून चालले होते. पोरांनी ठेवलेलं नाव ‘ले सँक रॉक’ होतं, हे तुम्ही सांगितलंत. बार्क्ले या रेकॉर्ड कंपनीने मोजे बनवणाऱ्यांशी जाहिरातीचा करार केला आणि 1961 च्या सुरुवातीला पहिली तबकडी आली ती मोज्यांच्या नावाने. गायक एडी मिचेल, खरं नाव क्लोद म्वान, तेव्हा जेमतेम 18 वर्षांचा, बँकेत निरोप पोचवणारा पोरगा.

मग एका रविवारी तुम्ही मला द्रुओ रस्त्याच्या कोपऱ्यावर नेऊन उभं केलंत. वरच्या मजल्यावर मिनी गोल्फ होतं, आँरी लप्रूंनी तिथे ज्यूकबॉक्स आणला आणि ‘गोल्फ द्रुओ’ रॉक अँड रोलवाल्या पोरांचा अड्डा झाला. तुम्ही बोट दाखवत होतात आणि मी खिडक्या बघत होते.

‘त्यु पार्ल त्रो’ या त्यांच्या गाण्याच्या नावाचा अर्थ मी ‘तू जास्त बोलतेस’ असा लिहिला होता. तुम्ही म्हणालात, “अगं, ‘किती बडबडतेस!’ असं लिही.” गाणं तिथे उघडलं.

बँड भांडणांनी फुटला असेल, असंही मला वाटायचं. 1962 मध्ये मिचेलला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. अल्जीरियाचं युद्ध त्याच वर्षी संपलं, पण पोरांची भरती थांबली नव्हती. दोन-तीन वर्षांत सगळा खेळ आटोपला. हे सांगून तुम्ही गप्प झालात आणि तबकडी उलटी करून पुन्हा लावलीत.

काका, लेख पूर्ण झाला. चकती माझ्याकडेच राहिली आहे, रविवारी आणून देते. आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणीही आणते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची