नाव आमचे बरोबर आहे, मंत्रिमहोदय

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

‘नाव जुळत नाही, अर्ज नामंजूर’ हा शेरा परवा आमच्या घरातल्या एका अर्जावर पुन्हा बसला. मदतकक्षाचा सल्ला: शपथपत्र करा, नाहीतर राजपत्रात नाव बदलून घ्या. अर्ज आणि त्याला जोडलेला पुरावा, दोन्ही कागदांवर नाव अक्षरन् अक्षर सारखे आहे. चूक सॉफ्टवेअरात आहे. माझी हयात प्रोग्रामिंगमध्ये गेली, म्हणून ती नेमकी कुठे आहे हे लिहून कळवतो.

‘वऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ् युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ (संकेतांक ०९३१) आणि हलन्त, म्हणजे पाय मोडणारे चिन्ह. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, ज्याला आम्ही झेडडब्ल्यूजे म्हणतो. कोणती तऱ्हा साठेल ते कीबोर्डावर ठरते. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी नावे. ‘ॲ’चेही तेच: एक अखंड संकेत, किंवा अ आणि वर चंद्र. ‘युनिकोड नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपे एकसारखी करणे) चालवले आहे’ असे कंत्राटदार सांगेल. त्याने हे दोन्ही प्रश्न सुटत नाहीत, कारण या जोड्या युनिकोडच्या समतुल्य यादीतच नाहीत. तुलनेसाठी नावाची वेगळी प्रत करावी लागते. तिच्यात आधी ‘र, हलन्त, जोडक’ याचे ‘ऱ, हलन्त’ करायचे, अ आणि चंद्राचे ॲ करायचे, आणि मगच उरलेले जोडक काढायचे. क्रम उलटा केला तर वऱ्हाडेचा ‘वर्हाडे’ होतो. मूळ नावाला हात लावायचा नाही. काम पाच-सहा ओळींचे आहे, आणि तेवढ्यासाठी माणसे तहसीलच्या रांगेत उभी आहेत.

आता लांबी. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट (साठवणुकीचे एकक) घेतो. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. आमच्या ग्रामदैवताचे नाव, सिद्धेश्वर, म्हणजे १० संकेत, ३० बाइट. ‘सिद्धेश्वर मल्लिकार्जुन’ ६७ बाइट. रोमन लिपीत हेच नाव २३ बाइटांत बसते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये कॉलमची, म्हणजे माहितीच्या रकान्याची, लांबी ‘कॅरॅक्टर’मध्ये हवी असे मुद्दाम सांगितले नाही, तर ती सहसा बाइटमध्ये धरली जाते. ५० बाइटांच्या कॉलमसाठी हे नाव कापले की उरते ‘सिद्धेश्वर मल्लिक’. माणसाच्या बापाचे नाव बदलले, आणि पुरावा त्याने आणायचा! हा अपमान आहे, साहेब, आणि तो सोलापुरात घरोघर होऊ शकतो. इथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरे आहेत. लांब नावे, जोडाक्षरांची नावे ही इथली रोजची गोष्ट आहे.

‘नावात फक्त अक्षरे असावीत’ ही तपासणी त्याहून वाईट. युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, ती चिन्हे आहेत. प्रोग्रामरने फक्त अक्षरवर्ग लिहिला तर ‘कमल’ पास होते आणि ‘किरण’ नापास. चिन्हवर्ग आणि जोडक दोन्हींना मुभा द्यावी लागते.

आणि ळ. इंग्रजीत भरलेल्या नावावरून यंत्राने मराठी नाव बनवायचे, ही पद्धत बंद करा. रोमन लिपीत ल आणि ळ एकच होतात. काळेंचे काले होतात, होळकरांचे होलकर. आमच्या जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांपैकी मोहोळ, मंगळवेढा, करमाळा आणि माळशिरस या चार नावांत ळ आहे. यंत्राला हवा तर पर्याय सुचवू द्या, पण ज्याचे नाव त्याने ते पाहून मान्य केल्याशिवाय साठवू नका.

अर्जदाराला एसएमएसही मराठीतच पाठवा. मराठी एसएमएस ७० संकेतांचा आणि इंग्रजी १६०चा, म्हणून मराठी महाग पडते, हे मला माहीत आहे. तो खर्च करा.

राजभाषा अधिनियम १९६४चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तरीही तुमच्या निविदांची रचनाच अशी, की मराठी चालते की नाही हे कुणी पैसे देण्याआधी पाहत नाही. सर्वांत कमी दराला काम जाते, स्क्रीन मोजून बिल निघते, चाचणीला ‘टेस्ट वन’, ‘एबीसी’ असली नावे टाकली जातात. आमच्या यंत्रमागावर जेकार्डचे, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या कार्डांपैकी, एक कार्ड चुकले आणि चादरीत नक्षी बिघडली, तर माग थांबवून कार्ड बदलतात. गिऱ्हाइकाला कुणी शपथपत्र आणायला सांगत नाही. तुमच्या खात्यात उलटे चालते: कार्ड तेच राहते, माणूस बदलायचा. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर असते. एका शेऱ्यापायी तिने हेलपाटे घातले, तर बुडालेला रोज कोण भरून देणार? कंत्राटदार? सचिव? की तो नामंजुरीचा शेरा पुढे ढकलणारा बाबू, ज्याला दुरुस्तीचा अधिकारच तुम्ही दिलेला नाही?

मागणी साधी आहे. निदान हजार खऱ्या धाटणीच्या मराठी नावांची चाचणी-यादी सरकारने करावी: ऱ्, ळ, ॲ, जोडाक्षरे, लांब नावे, देवनागरी अंक असलेले पत्ते, आणि तेच नाव दोन कीबोर्डांवरून टाइप केलेले. यादी सगळ्यांना पाहायला खुली ठेवा. ती पूर्ण पास झाल्याशिवाय कोणत्याही खात्याने सॉफ्टवेअर ताब्यात घेऊ नये आणि शेवटचा हप्ता देऊ नये. जुन्या डेटाबेसमध्ये कॉलमच्या काठाला येऊन थांबलेली नावे एका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नाने, सापडतात. ती काढा आणि खात्याने स्वतः, विनाशुल्क दुरुस्त करावीत.

तोवर केवळ ‘नाव जुळत नाही’ म्हणून एकही अर्ज यंत्राने नामंजूर करू नये. दोन्ही कागद समोर ठेवून माणसाने वाचावेत आणि निर्णयाखाली आपली सही करावी.

आपला,
सोलापुरातील एक प्रोग्रामर