मोटारसायकलचे जहाजभाडे स्वस्त, सोडवणूक महाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटनाच्या पानांवर दुचाकीवरून आफ्रिका किंवा युरोप पालथा घालणाऱ्यांचे वृत्तान्त अधूनमधून येतात. त्यांत रस्ते असतात, डोंगर असतात, भेटलेली माणसे असतात. ‘गाडी जहाजाने पुढे पाठवली’ एवढे मात्र एका वाक्यात उरकलेले असते. ते वाचून एखादा तरुण न्हावा शेव्याच्या फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या मध्यस्थाला, फोन लावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘केनियातल्या मोंबासाचं भाडं किती?’ सगळा घोळ या प्रश्नापासून सुरू होतो, कारण भाडे हा त्या हिशेबातला बहुधा सर्वांत लहान आकडा असतो.

जमिनीवरून जायची सोय आपल्याला जवळपास उरलेलीच नाही. भारतीय खासगी गाड्यांना पाकिस्तानचा रस्ता बंद आहे, 2021च्या लष्करी उठावापासून म्यानमारचा भरवसा नाही, आणि चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर सरकारमान्य मार्गदर्शक सोबत घ्यावा लागतो. त्याचा खर्च एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून बहुतेकांना जहाजच गाठावे लागते.

एक-दोन गाड्या असतील तर त्या एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून जातात. दर सीबीएमवर, म्हणजे घनमीटरवर असतो. एक घनमीटर किंवा एक टन, यांत जे जास्त भरेल ते धरतात आणि मोटारसायकल नेहमी घनफळातच मार खाते. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. गर्दीच्या मार्गांवर कन्सोलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणारा, इथले भाडे नाममात्र ठेवतो, कधी शून्यही लावतो, आणि वसुली पलीकडच्या बंदरात करतो. तिथला एजंट डी.ओ.चे (माल सोडण्याच्या आदेशाचे) शुल्क, टर्मिनल हाताळणी, कंटेनर रिकामा करणे, गोदाम, कागदपत्रे अशा आठ-दहा ओळींचे बिल पुढे करतो. गाडी त्याच्या ताब्यात असल्याने घासाघीस कोण करणार? यात बेकायदा काही नाही. निर्यातदारांना हे माहीत असते आणि ते किमतीत धरतात. प्रवाशाला माहीत नसते. तेव्हा दर मागताना तो ‘गाडी पलीकडच्या सीएफएसच्या (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या गोदामाच्या) फाटकाबाहेर येईपर्यंत’चा मागावा, पलीकडच्या एजंटाचे दरपत्रक ओळीओळीने लेखी घ्यावे आणि किमान आकारणी किती सीबीएमची हेही विचारावे. 1.6 सीबीएमचे 2 करून लावणारे पुष्कळ आहेत. तिकडचे दरपत्रक द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याचे इथले भाडे कितीही कमी असो, त्याच्याकडे जाऊ नये.

खर्च आपल्या हातात आणायचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे खोका लहान करणे. रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन घ्या. लांबी 2190 मिमी, रुंदी 840, उंची 1360. उभ्या गाडीला तळासकट खोका केला तर तो साधारण 225 × 90 × 150 सेंमीचा होतो, म्हणजे 3.04 सीबीएम. पुढचे चाक, हँडल, आरसे, काच, क्रॅशगार्ड आणि मागच्या पेट्यांच्या चौकटी उतरवल्या की तीच गाडी 190 × 75 × 120 मध्ये बसवता येते. हे झाले 1.71 सीबीएम. चार तासांचे काम. पण ती बचत इथल्या भाड्यात, तिकडच्या हाताळणीत आणि गोदामभाड्यात अशी तिन्ही ठिकाणी होते. विमानाने पाठवताना तर फरक डोळ्यांत भरतो. तिथे घन सेंटिमीटरला 6000 ने भागून आकारमानाचे वजन काढतात. मोठा खोका 506 किलोंचा ठरतो, लहान 285 किलोंचा, आणि गाडी मात्र दोन्हींत तीच, 200 किलोंच्या आतबाहेर.

हँडल काढताना केबल आणि ब्रेकची नळी सोडवू नये. हँडल टाकीवर जाड फोमच्या घडीवर आडवे बांधावे, मात्र मास्टर सिलिंडर सरळ राहील असे; उलटा झाला की नळीत हवा शिरते आणि परक्या बंदरात ब्रेक ब्लीड करत बसावे लागते. चाक काढल्यावर डिस्क पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सारावी, नाहीतर कुणीतरी सहज लिव्हर दाबतो आणि पॅड एकमेकांना चिकटतात. पुढच्या फोर्कचा एक्सल परत त्याच भोकांत घालून तळावरच्या लोखंडी घोडीला बोल्टने आवळावा. गाडी स्टँडवर उभी करून पाठवणे म्हणजे क्रँककेसला भोक पाडून घेण्याची तयारी. चार रॅचेट पट्टे लागतात: दोन पुढे फोर्क जोडणाऱ्या खालच्या टीला, दोन मागे फुटरेस्टच्या चौकटीला. शॉकअप एक तृतीयांश दबेपर्यंतच ओढावे. पुरते दाबून महिनाभर ठेवले की ऑइल सील फुटतात आणि तेल थेट ब्रेक डिस्कवर उतरते. सुटे बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात परत फिरवून ठेवावेत. जोडणीला लागणारे पान्हे, हवेचा पंप आणि टॉर्कचे आकडे लिहिलेला कागद याच खोक्यात हवा.

तळाखाली फोर्कलिफ्टच्या दातांसाठी 10 सेंमीची मोकळीक ठेवावी. ती नसली तर गोदामवाला खोका पाटीवर (पॅलेटवर) चढवतो, उंची वाढते आणि सीबीएम पुन्हा मोजला जातो.

लाकडाचा प्रश्न बारीक वाटतो, पण खोका अडतो तो त्यावरच. भरीव लाकूड वापरले तर आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याच्या गाभ्यापर्यंत 56 अंश तापमान सलग 30 मिनिटे दिलेले असावे लागते, आणि गव्हाच्या ओंबीच्या चित्राचा, ‘आयएन’ अक्षरांचा शिक्का लाकडावरच असावा लागतो. नुसता दाखला चालत नाही. प्लायवूडला हा नियम लागू नाही. म्हणून लोखंडी अँगलची चौकट आणि बाजूंना प्लाय हा सर्वांत बिनघोर खोका. परदेशी बनावटीच्या गाड्या विकणाऱ्या शोरूममध्ये मूळ लोखंडी क्रेट बरेचदा भंगाराच्या भावात मिळतात. ते मिळाले तर सोन्याहून पिवळे; फक्त बाजूचे खांब कापून उंची कमी करून घ्यावी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी चाकाच्या आऱ्यांपासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत मातीचा कण ठेवू नये. तिथले जैवसुरक्षा अधिकारी टॉर्च घेऊन खाली वाकतात, आणि धुण्याचे बिल त्यांच्या दराने येते.

पेट्रोलवर चालणारे वाहन आंतरराष्ट्रीय नियमांत यूएन 3166, वर्ग 9चा धोकादायक माल ठरते. समुद्रमार्गे टाकी रिकामी आणि बॅटरीला शॉर्टसर्किटपासून संरक्षण असेल तर बहुतांश अटींतून सूट मिळते. म्हणून टाकी खरोखर कोरडी करावी. काढून झाल्यावर झाकण उघडे ठेवून एक दिवस वाफ जाऊ द्यावी, कारण सीएफएसमध्ये वास आला की खोका बाजूला ठेवतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप चालवून टाकी उपसू नये. पंप पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला की जळतो. बॅटरीची दोन्ही टोके सोडवून चिकटपट्टी लावावी. हौसेने लिथियम बॅटरी बसवली असेल तर पाठवण्यापुरती मूळची परत बसवावी, नियमांचा एक अख्खा अध्याय टळतो. चेनचा स्प्रे, स्टोव्हचा गॅस, इंजिन ऑइलचा डबा खोक्यात नको. गाडीला प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये: उन्हात तापलेला कंटेनर रात्री गार पडला की आत दव धरते आणि प्लास्टिकखाली गंज चढतो. ग्रीसचा हात, फोर्कच्या नळ्यांना तेल आणि दमटपणा शोषणाऱ्या चार-पाच पिशव्या पुरतात.

आता कागद. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम आशियाच्या बऱ्याच भागात कार्नेट लागते. हा गाडीचा पासपोर्टच म्हणा; त्यावर आयातकर न भरता गाडी तात्पुरती नेता येते. मुंबईत ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते आणि वर्षभर चालते. त्यासाठी अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. ती गाडीची किंमत आणि जाणार ते देश यांवर ठरते. म्हणून ‘असू दे, जमलं तर जाऊ’ म्हणून देशांची यादी लांबवू नये. एका इजिप्तच्या नावाने आकडा फुगतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आधी मिळवावे. प्रत्येक देशात शिरताना आणि निघताना शिक्का घ्यायचा. निघतानाचा शिक्का राहिला तर तो देश गाडी तिथेच विकली असे धरून करमागणी पाठवू शकतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, लेसोथो आणि एस्वातिनी यांचा सीमाशुल्क संघ एकच असल्याने पाचांसाठी कार्नेटचे एकच पान पुरते, हे ठाऊक नसलेले लोक पाने वाया घालवतात. युरोपीय संघात पाहुण्याची गाडी तात्पुरत्या आयातीखाली 6 महिने फिरू शकते, तिथे कार्नेटची सक्ती नाही.

आरसी, पासपोर्ट, कार्नेट, शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्क अर्ज) आणि बीएल (जहाज कंपनीची मालपावती) या पाचही कागदांवर नाव अक्षरश: एकच हवे. आरसीवर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण नाव, एवढ्यावरून गाडी आठवडाभर अडकते. काही एजंट ‘आयईसी (आयात-निर्यातीचा संकेतांक) लागेल, आमच्या फर्मचं वापरू’ असे सुचवतात. व्यक्तिगत वापराच्या मालाला आयईसीची गरजच नाही, आणि फर्मच्या नावाने शिपिंग बिल झाले तर परत येताना गाडी तुमची कशी, हे सिद्ध करत बसावे लागते. सीमाशुल्काच्या अधिसूचनेप्रमाणे बाहेर नेलेली वस्तू 3 वर्षांच्या आत, मालकी न बदलता परत आणली तर आयातकरातून सूट मिळते. पण वस्तू तीच हवी. शिपिंग बिलावर चॅसिस आणि इंजिन हे दोन्ही क्रमांक असावेत आणि वाटेत इंजिन बदलावे लागले तर त्याची बिले जपावीत.

बीएल मूळ प्रतीत घेण्याऐवजी टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडण्याची सूचना) करून घ्यावे. मूळ कागद कुरिअरमध्ये हरवला तर जहाज कंपनी बँक हमी मागते, आणि ती परदेशात बसून कुठून आणणार?

विमानाचे तिकीट गाडी निघाल्यावर काढू नये, जहाज लागल्यावर काढावे. एलसीएलचा कंटेनर जेबेल अली, कोलंबो, सलाला अशा ठिकाणी उतरून पुढच्या जहाजाची वाट पाहतो. एक फेरी रद्द झाली की दहा दिवस गेले. युरोपच्या बाबतीत तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे 2023च्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि दीड-दोन आठवडे वाढले. मोंबासा त्या संकटाच्या दक्षिणेला असल्याने तिथली वाट सरळ आहे. गाडीआधी पोहोचलात तर हॉटेलचा खर्च. उशिरा पोहोचलात तर मोफत दिवस संपून गोदामभाडे सुरू, आणि त्याचा दर दर आठवड्याला चढतो. शुक्रवारी लागलेले जहाज म्हणजे शनिवार-रविवार फुकट गेले. पूर्व आफ्रिकेत पुढे निघण्यापूर्वी कोमेसाचे (आफ्रिकी देशांच्या व्यापार संघाचे) पिवळे कार्ड घ्यावे. एका विम्यात अनेक देश भागतात.

चार-सहा जण असाल तर 20 फुटी कंटेनर वाटून घेणे सर्वांत परवडते. आतून तो 5.9 मीटर लांब आणि 2.35 मीटर रुंद असतो. खोक्यांशिवाय, कड्यांना बांधून गाड्या उभ्या राहतात. पण सगळ्या गाड्या एकाच बीएलवर घालू नयेत. एकाचे कार्नेट अडकले की बाकीचेही बंदरावर बसतात. शिवाय रिकामा कंटेनर परत देईपर्यंतची अनामत आणि त्याचे मोफत दिवस आधीच विचारून ठेवावेत. या अनामतीचा परतावा मिळवायला बरेचदा महिने लागतात.

विम्यात पैसे वाचवायचे नाहीत, पण ओरखड्यांसाठी तो घेऊही नये. वापरलेल्या गाडीचे ओरखडे कुणी देत नाही. विमा हवा तो ‘जनरल ॲव्हरेज’साठी, म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो त्यासाठी. मार्च 2021 मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केला, तेव्हा जहाज सोडवण्याच्या खर्चातला वाटा प्रत्येक मालधन्यावर आला. विमा नसलेल्याला माल सुटण्यासाठी रोख अनामत भरावी लागते. माल-विम्याचा क्लॉज ‘सी’ हा मोजक्याच जोखमींचा प्रकार स्वस्त असतो आणि हे त्यात येते.

‘तिथेच विकून मोकळं होऊ, परतीचं भाडं वाचेल’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. कार्नेटवर नेलेली गाडी त्या देशाचा पूर्ण आयातकर भरल्याशिवाय विकता येत नाही. गुपचूप विकली तर कर तुमच्या अनामतीतून जातो. महिना-दीड महिन्याचीच सहल असेल तर नैरोबीत किंवा केप टाउनमध्ये गाडी भाड्याने घेणे बहुधा स्वस्त पडते. पाठवणूक परवडू लागते ती चार-पाच महिन्यांच्या पुढे, तेही परतीच्या क्रेटसाठी पट्टे, घोडी आणि मोजमापांचा कागद सांभाळून ठेवला असेल तर. पुढच्या बंदरात सुतार मिळतो, पण तुमच्या फोर्कच्या मापाची घोडी मिळत नाही.

आपला,
सीमाशुल्क दलालीच्या कामातील एक वाचक, उरण