आबांनी गुणतक्ता कपाटात टाकला

प्रिय सुध्या,

पतसंस्थेत रोखपालांची भरती निघालीय आणि आबांनी उमेदवारांना मुलाखतीत आकडे द्यायचा आपला गुणतक्ता कपाटात टाकलाय. म्हणे, "माणूस दारातून आत आला की मला कळतं." मला तर दारातून आधी चपलाच दिसतात. इथे सगळे माना डोलावतात, म्हणून तुला लिहितोय. तब्येत ठीक, शुगरच्या गोळ्या चालू.

आबांचा अंदाज खोटा असतो असं मी म्हणतच नाही. गड्डीवरून बोट फिरवून ते खोटी नोट बाजूला काढतात, ते तूही पाहिलंयस. पण तिथे मशीन लगेच सांगतं, बरोबर की चूक. हात त्यातूनच तयार झाला. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन अमेरिकेतल्या अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास करायचा, त्यातलं एक उदाहरण असंच आहे. स्वयंपाकघरातली आग पाण्याने हटेना, कान जास्तच तापलेले आणि आवाज मात्र फार कमी. अधिकाऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि जमीन खचली. आग तळघरात होती. बाहेर पडताना हे त्याला ठाऊक नव्हतं, फक्त नेहमीच्या आगीशी काहीतरी जुळत नव्हतं.

मुलाखतीत असा निकाल येतोच कुठे? घेतलेल्याचा येतो महिन्यांनी, तोही अर्धामुर्धा. नाकारलेला पोरगा दुसरीकडे सोन्यासारखं काम करत असला तरी आबांना कळणार नाही. मग अंदाज सुधारायचा कशावर? वाढतो तो नुसता आत्मविश्वास. क्लाइन आणि दुसरा मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान, एक अंदाजाचा वकील आणि दुसरा टीकाकार, 2009 मध्ये दोघांनी मिळून लिहिलं तेही हेच: कामात नियमितपणा हवा आणि चूक लवकर कळायला हवी, तरच अंदाजावर विसंबावं.

काहनेमानने 1955 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्याच्या मुलाखती बदलल्या. सहा स्वभावगुण, प्रत्येकाचे वेगळे प्रश्न, आणि एका गुणाला 1 ते 5 मधला आकडा दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलाखती घेणारे चिडले, आम्हाला यंत्रमानव करताय म्हणाले. मग त्याने शेवटी एक सवलत दिली: डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून डोळ्यासमोर आणा आणि आकडा द्या. सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच सरस ठरली. आणि डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच चालला! म्हणजे आपल्या तक्त्यात 'एकूण मत' रकाना नकोच म्हणून तू माझ्याशी जे भांडलास, त्यात मीच बरोबर होतो. फक्त तो रकाना शेवटी हवा.

आबांना हेच पटवायचंय. "तुम्ही प्रामाणिक आहात का?" विचारलं तर कोण नाही म्हणेल? त्याऐवजी, "रोकड शंभरने कमी भरली, तेव्हा काय केलंस, कुणाला सांगितलंस?" दहा नोंदींचं कॅशबुक हातात द्यायचं, त्यात दोन चुका पेरलेल्या. आकडा तिथल्या तिथे लिहायचा, नाहीतर छान बोलण्याची चमक हिशेबाच्या रकान्यातही उतरते. आणि कागद गोळा होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आबा पहिल्यांदा "पोरगा चुणचुणीत आहे" म्हणाले की उरलेल्या तिघांचे आकडे त्यांचेच, चार माणसं बसवून मत एकच. एक अगदी सुमार आला की पुढचा आपोआप हुशार वाटतो, त्यावरही हाच इलाज: आकडा माणसाला माणसाशी ताडून नाही, आधी लिहून ठेवलेल्या वर्णनाशी. 3 म्हणजे काय, 5 म्हणजे काय, ते आधीच ठरलेलं असावं. तरी आपले सदस्य सगळ्यांना 4 देणार, त्यांना कुणाचं वाईट दिसायला नको असतं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयला तिकडची थंडी मानवली का? घराचा स्लॅब टाकून झाला असेल.

मुलाखती वीस तारखेला आहेत. तुझ्या वहीतले रोकडीचे प्रश्न फोटो काढून आजच पाठव, आणि आबांना एक फोन कर. सकाळीच कर, जेवणानंतर ते कुणाचंच ऐकत नाहीत.

तुझा,
बंड्या